फुसका बार

या सदराचा नेम तुम्हाला ठाऊक आहेच. वर्षभरात इथली एखादी गोष्ट अगदी श्रीगणेशापासून शिकायची आणि दिवाळी अंकात तिचा हिशेब द्यायचा. यंदाचा विषय संपादकांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "काडतुसं? घरी? आणि तेही दिवाळी अंकात?"

म्हटलं, दिवाळी अंकातच. आपल्या भाषेत प्यायची ती दारू आणि उडवायची तीही दारूच. फटाक्यांना 'शोभेची दारू' म्हणायचं ते उगाच नव्हे. लहानपणी टिकल्यांच्या पिस्तुलाने घर डोक्यावर घेतलेल्या माणसाला हा विषय तितकासा परका नाही.

आधी प्रास्ताविक. इथे वॉशिंग्टन राज्यात नेमबाजी हा जुना, रुळलेला छंद आहे. आमच्या बॉथेलच्या परिसरात रेंज आहे, शनिवारी तिथे आजोबा-नातवंडांच्या जोड्या दिसतात. मी गेली चार वर्षं महिन्यातून एकदा जातो. थर्टी-एट स्पेशल जातीचं एक रिव्हॉल्व्हर, कागदी लक्ष्य, आणि पन्नास गोळ्या झाल्या की घरी. करोनाच्या काळात दुकानांतून काडतुसं नाहीशी झाली होती आणि मिळत होती ती दुप्पट भावाने, ही गोष्ट रेंजवरची जुनी मंडळी अजून सांगतात. आमच्या शेजारच्या आजोबांचं मात्र त्या काळात काही अडलं नाही. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे यंत्रकारागीर चाळीस वर्षं गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. यंदा जानेवारीत मी त्यांच्याकडे शिकवणी धरली.

काडतुसाचे घटक चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. प्रायमर म्हणजे आपल्या टिकलीची थोरली बहीण. घोड्याचा ठोका पडला की ती पेटते, तिच्या ठिणगीने दारू पेटते आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून निघते. गोळी गेली, दारू जळली, प्रायमर संपला. उरते ती पुंगळी. ती चारांत सगळ्यांत महाग, आणि ती पुन्हापुन्हा वापरता येते. सगळा छंद या एका गोष्टीवर उभा आहे. काटकसरी कोकणी माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

भारतातल्या वाचकांच्या मनात इथे प्रश्न येईल: मग आपला स्वप्नील कुसाळेही भरत असेल का? नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूरच्या या रेल्वे तिकीट तपासनिसाने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा तो महाराष्ट्राचा पहिला खेळाडू. तो नेम धरतो ती पॉइंट टू-टू रायफल. तिच्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो, पेटणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या काठातच भरलेलं असतं. ठोक्याने तो काठ चेपला की पुंगळी बाद. म्हणजे हा छंद ज्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी सुटा प्रायमर असतो त्याचाच.

कृती सांगायला सोपी आहे. उडवलेल्या पुंगळ्या धुवायच्या, एकेक बोटांत फिरवून तडा गेलाय का बघायचा. मग प्रेस. हे उसाच्या चरकाच्या दांड्यासारखा दांडा असलेलं, टेबलाला बोल्टने आवळलेलं यंत्र. त्यात डाय नावाचा साचा बसवायचा. दांडा ओढला की फुगलेली पुंगळी साच्यात शिरून मूळ मापाची होते आणि जुना प्रायमर खाली पडतो. दुसऱ्या साच्याने तोंड किंचित पसरायचं. नवा प्रायमर बसवायचा. दारू मोजून ओतायची. शेवटी गोळी ठेवायची, साच्याने आत दाबायची आणि तोंड आवळायचं. झालं काडतूस. आजोबांकडे एका दांड्यात पाचही कामं उरकणारं यंत्र आहे. मला मात्र त्यांनी एका वेळी एकच काम करणारं यंत्र घ्यायला लावलं. "पहिली दोन वर्षं तुझा वेग जितका कमी, तितका मी निश्चिंत झोपेन."

मोजमापाची गंमत ऐका. इथे दारू ग्रेनमध्ये मोजतात. हा ग्रेन आपल्या सोनाराच्या तराजूतून पूर्वीच येऊन गेलेला आहे. १८३३ साली इंग्रजांनी तोळा पक्का ठरवला तो १८० ग्रेनचा. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनची. माझा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे गुंजेचा साधारण विसावा. स्वयंपाकात 'अंदाजे' आणि 'चवीपुरतं' यांवर पोसलेल्या माणसाला ही शिस्त अंगी लावून घ्यावी लागते. दारू किती घालायची हे मनाने ठरवायचं नसतं, मित्राला विचारायचं नसतं. दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची पुस्तकं असतात. त्यांत प्रत्येक गोळीसाठी, प्रत्येक जातीच्या दारूसाठी सुरुवातीचा आणि कमाल असे दोन आकडे छापलेले असतात. सुरुवातीच्या आकड्यापासून आरंभ करायचा. कमालच्या वर जायचं नाही, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं, सुरुवातीच्या खालीही उतरायचं नाही. आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते पुस्तकातूनच घ्यायचे असतात, दिवाळी अंकातून नव्हे.

आता शीर्षकाकडे येतो. मराठीत फुसका बार म्हणजे हसण्याचा विषय. पुढाऱ्याचं भाषण पडलं, सिनेमा आपटला, की फुसका बार. अंगणात सुतळी बॉम्ब 'फुस्स' झाला की पोरं हसतात. आजोबांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात नळीचा एक तुकडा ठेवला. वरून बोट फिरवलं तर मधोमध बांगडीसारखा उंचवटा. नळी कुणाची, हे ते सांगत नाहीत. झालं होतं असं, की एका पुंगळीत दारू पडायचीच राहिली. घोडा पडला, प्रायमर एकटाच पेटला. त्याच्या जोरावर गोळी पुंगळीतून निघाली आणि नळीत मध्येच अडकून बसली. आवाज नेहमीचा 'ठो' नाही, नुसता 'फट्'. हाताला झटका नाही. माणसाला वाटलं, काडतूस वाईट होतं, आणि त्याने पुढचं उडवलं. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळली. नळी फक्त फुगली, हात वाचले. दर वेळी वाचतातच असं नाही.

याच्या उलट चूक दुप्पट दारूची. थर्टी-एटची पुंगळी मुळात काळ्या, धूर करणाऱ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून लांब. १८८४ साली पॉल व्हिएई या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू काढली. आज भरतात ती तिचीच वंशज आणि कमी जागेत जास्त जोर करणारी. त्यामुळे योग्य माप घातलं तरी पुंगळी बरीचशी रिकामीच दिसते, आणि चुकून दोनदा ओतलं तरी दारू बाहेर सांडून चहाडी करत नाही. म्हणून नियम असा: पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करायच्या. सगळ्यांत दारू घालून झाली की, गोळी बसवण्याआधी, विजेरी घेऊन ओळीने प्रत्येकीत डोकवायचं. सगळ्यांची पातळी सारखी हवी. एकीचीही शंका आली तर ती रिकामी करून पुन्हा मोजायची. मध्ये फोन वाजला, दाराची घंटा वाजली, तर हातातली पुंगळी ओतून पुन्हा पहिल्यापासून. टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली. काम संपलं की उरलेली दारू त्याच बाटलीत. डब्यावर चिठ्ठी: तारीख, गोळी, दारू, माप. चिठ्ठी नसलेलं काडतूस हे कुणाचंच काडतूस नव्हे, ते उडवायचं नाही.

आणि रेंजवर नेहमीपेक्षा हलका आवाज आला तर जागच्या जागी थांबायचं. नळी समोरच ठेवायची, मग बंदूक रिकामी करायची, नळीत गज घालून वाट मोकळी आहे का ते बघायचं. मोठ्या आवाजाला सगळेच थांबतात. लहान आवाजाला थांबायला शिकावं लागतं. दहा महिन्यांत मला मिळालेली विद्या एवढीच, बाकीचं हाताला सवयीने येतं.

आईला रत्नागिरीला फोनवर हे सगळं सांगताना मला वाटलं, ती घाबरेल. ती म्हणाली, "अरे, त्यात काय शिकायचं? आबा ओटीवर बसून भरायचे." माझं आजोळ लांज्याकडचं. डुकरं भातात शिरत, वानर नारळावर, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घरात होती. तशा बंदुका कोकणात अजून आहेत, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात म्हणून त्यांची आठवण निघते. आईने क्रम धडाधड सांगितला: आधी दारू, मग काथ्याची गुडदी गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि केप अगदी शेवटी, रानात गेल्यावर. "आबा गज आत घालून बघायचे. गजावर खूण होती. जास्त बाहेर राहिला तर बार आधीच भरलेला आहे. आणि भरताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. आम्ही पोरं मागच्या दारी." विजेरी आणि लाकडी ठोकळा यांचं काम आबांच्या त्या खुणेने होत होतं. बोलायचं नाही हा नियम तर अक्षरशः तोच.

आपल्याकडे हे काम तसं परकं नाहीच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बंदुकीची काडतुसं बनतात. २०२१ पासून हे कारखाने ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली आले तिचं मुख्यालयही पुण्यालाच. पण तिथे ते काम सरकारी कुंपणाच्या आत चालतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्या भाचे-पुतण्यांनो, हे वाचायचं, करायचं नाही.

इथल्यांसाठीही चार कायदेशीर गोष्टी, कारण मंडळात त्या फार थोड्यांना माहीत असल्याचं मला दिसलं. स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, मात्र विकायची म्हटली की लागतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारावं. आणि 'दारूगोळा' या शब्दाच्या कायद्यातल्या व्याख्येत सुटी पुंगळी, सुटा प्रायमर, सुटी गोळी आणि सुटी दारूही येते. म्हणजे सहकाऱ्यांबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाऊन आठवणीसाठी एक पुंगळी खिशात घालून आणणं हीसुद्धा, व्हिसावर असाल तर, गंमत नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबायचं. मी थांबलो होतो.

तिसरी गोष्ट पिशवीची. रेंजवर नेलेली पिशवी, जॅकेट, पँट भारताच्या प्रवासाला न्यायची नाही. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर निघालं की पोलीस, शस्त्र कायदा, वकील आणि हुकलेलं विमान हा क्रम वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळतो. आमच्या घरी रेंजची पिशवी भडक नारिंगी आहे आणि ती गॅरेजच्या उंबरठ्याच्या आत येत नाही.

चौथी गोष्ट साठ्याची. अग्निसुरक्षेचे प्रचलित नियम घरात बिनधुराची दारू वीस पौंडांपर्यंत ठेवू देतात, तीही तिच्या मूळ बाटलीतच. मला एका पौंडाची बाटली वर्षभर पुरली. मूळ बाटली का? उघड्यावर पेटली तर ही दारू जोरात जळते, पण जाड बंद डब्यात तिचा दाब वाढत जाऊन स्फोट होतो. मूळ बाटली मुद्दाम लेचीपेची केलेली असते. लोणच्याची जुनी बरणी इथे कामाची नाही.

हे सगळं बायकोला सांगितलं तेव्हा तिने तीन अटी घातल्या, आणि तिन्ही माझ्या पुस्तकांपेक्षा शहाण्या निघाल्या. पहिली शिशाची. गोळीत शिसं असतं, प्रायमरच्या राखेत असतं, म्हणून मळक्या पुंगळ्यांच्या धुळीतही. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे इथला प्रत्येक बालरोगतज्ज्ञ सांगतो. म्हणून पुंगळ्या कोरड्या न घासता पाण्यात धुवायच्या, त्या टेबलाजवळ चहासुद्धा नाही, काम झालं की साबण आणि गार पाण्याने हात, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. दुसरी अट तिजोरीची. बंदूक एका तिजोरीत, काडतुसं दुसरीत, आकडे फक्त आम्हा दोघांना. राज्याचा कायदाही १ जुलै २०१९ पासून हेच सांगतो: बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती मुलाच्या हाती लागून अनर्थ झाला, तर गुन्हा ठेवणाऱ्यावर.

तिसरी अट सांगताना ती थोडी थांबली. म्हणाली, "घरात कुणीही, तू, मी किंवा लेक, फार दिवस गप्प गप्प राहिलं, तर दोन्ही तिजोऱ्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांकडे. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही." ती रुग्णालयात काम करते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, चोर-दरोडेखोर नव्हे. हे मला नुसतं वाचून माहीत होतं, तिला तसं नव्हे. आपल्या समाजात मुलगा गप्प झाला की आपण म्हणतो, अभ्यासाचं टेन्शन असेल. नवरा गप्प झाला की, ऑफिसचं असेल. पुढचं काडतूस उडवून मोकळे होतो. मी त्या अटीला लगेच हो म्हटलं आणि आजोबांनाही सांगून ठेवलं. त्यांनी त्यांच्या तिजोरीतला एक कप्पा रिकामा करून ठेवला आहे. वाचकांपैकी कुणाला गरज वाटली तर ९८८ हा क्रमांक इथे दिवसरात्र चालू असतो. तो फिरवायला बंदूक घरात असावीच लागते असं नाही.

खर्चाचा हिशेब विचारणारे पुष्कळ भेटतात. यंत्र, साचे, काटा, पुस्तकं यांची किंमत मला महिन्याला पन्नास काडतुसं उडवून वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. वेळ धरला तर कधीच होणार नाही. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांनी सरळ दुकानातून घ्यावीत. मला मिळते ती रविवारची दीड तासाची शांतता. फोन घरात, दार बंद, डोळ्यांसमोर पन्नास भोकांचा ठोकळा.

लेक सतराचा आहे. जूनपासून तोही येऊन उभा राहतो. यंत्राला हात लावत नाही, त्याचं काम विजेरीचं. माझी नजर फिरवून झाली की तो ओळीने बघतो आणि मोठ्याने मोजतो, मराठीत, कारण मी तशी अट घातली आहे. एकोणचाळीसला अजून अडखळतो. मागच्या महिन्यात तेविसाव्या पुंगळीशी थांबला. म्हणाला, "बाबा, ही थोडी खाली वाटते." मला तशी वाटली नाही. तरी ओतली, काट्यावर घातली. माप बरोबर होतं. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबलास ते बरोबर केलंस. दारू पुन्हा पुंगळीत घातली, आणि त्याने मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

तुमच्या अंगणातले सगळे बार खणखणीत उडोत. एखादा फुसका निघालाच तर जवळ जाऊन वाकून बघू नका, लांबूनच पाणी ओता. शुभ दीपावली.